भाजलेलं चिकन, खाली रताळी-बटाटे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या बेळगावात चिकनच्या दुकानात एकच प्रश्न विचारतात, "रश्श्याला की सुक्क्याला?" रश्श्याला म्हटलं की तुकडे मध्यम, सुक्क्याला म्हटलं की बारीक. मागं वीसजण पिशव्या घेऊन उभे, त्यातून रविवार, त्यामुळं सुरी काही थांबत नाही. मी पहिल्यांदा "भाजायला" म्हणालो तेव्हा अण्णांनी मान वर न करता कातडं सोलून, चार चिरा मारून लेगपीस पिशवीत टाकले. घरी दही-मसाला फासून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, ठेवले. पाऊण तासानं जे बाहेर आलं ते वरून अथणीच्या चपलेसारखं चिवट होतं आणि खाली बटाटे पाण्यात पोहत होते. आत्ती म्हणाली, "चांगलं झालंय, खरं ह्याचा रस्साच केला असतास तर?"

चूक नेमकी कुठं झाली हे कळायला मला पाच-सहा रविवार लागले. मसाला, ओटीजी, चिकन, सगळं ठीक होतं. घोटाळा होता तो आमच्या हाताच्या सवयीत. आपला स्वयंपाक पाण्यावर चालतो. झाकण ठेवायचं, झाकणावर पाणी ठेवायचं, दह्यात मुरवायचं, रस सुटू द्यायचा, शेवटी शिजलं की नाही ते रश्श्याच्या तवंगावरून ओळखायचं. कातडं कुरकुरीत करायचं तर हे सगळं उलटं करावं लागतं. कातड्यावर पाण्याचा अंश आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे ओटीजीतला पहिला सगळा वेळ नुसतं पाणी उडवण्यात जातो. ते पाणी आधीच काढून टाकलं तर काम सोपं होतं. पुढच्या प्रत्येक पायरीमागं हेच कारण आहे.

दुकानात काय मागायचं

चौघांसाठी चार फुल लेग घ्या, म्हणजे मांडी आणि तंगडी एकत्र असलेला अख्खा पाय. चार मिळून किलोभर भरतात. नुसत्या मांड्या मिळाल्या तर उत्तमच, सहा-आठ घ्या. पण गल्लीतल्या ब्रॉयलरच्या दुकानात नुसत्या मांड्या काढून देत नाहीत, उरलेल्या तंगड्यांचं ते काय करणार! छातीचं मांस या प्रकाराला नको. ते लवकर शिजतं आणि तेवढ्याच लवकर कोरडं पडतं. मांडीत चरबी जास्त आणि चिवट तंतूही जास्त, त्यामुळं दहा मिनिटं जास्त झाली तरी ती रागावत नाही. नवशिक्यासाठी म्हणूनच मांडी.

जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी यासाठी नको. जवारीची चव रश्श्यात उतरते, तिला तास-दीड तास पाण्यात शिजायचं असतं. कोरड्या आचेवर तिचा पाय चावताना दात शिवशिवतात. रश्श्याला जवारी, भाजायला ब्रॉयलर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता खरी गोष्ट, कातडं. आमच्याकडच्या दुकानांत पिसं आणि कातडं एका ओढीत काढतात, कारण ते झटपट होतं आणि गिऱ्हाईकालाही कातडं नको असतं. कातड्यासकट हवं तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात, त्याला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "अण्णा, उद्या विथ स्किन पाहिजे, फुल लेग, चिरा मारायच्या नाहीत." आणि रविवारी सकाळी सातला जा. दहा वाजताच्या गर्दीत हे मागितलंत तर अण्णा तुमच्याकडं आणि मागची माणसंही तुमच्याकडंच बघणार. चिरा नकोत, कारण चिरेतून रस बाहेर येतो, तो कातड्यावर पसरतो, आणि पुन्हा पाण्याशी गाठ.

काहींना कातडं म्हटलं की नाक मुरडावंसं वाटतं. पण गावाकडं जवारी कोंबडी कशी करतात आठवा. पिसं उपटून, जाळावर भाजून, हळद चोळून, कातड्यासकटच तर शिजवतात. कातडं सोलायची पद्धत आली ती ब्रॉयलरच्या दुकानांबरोबर. दुकानातून आणलेल्या पायावर पिसांची बारीक मुळं राहिली असतील तर तोच जुना उपाय करा. चिमट्यानं धरून गॅसच्या ज्योतीवरून भरभर फिरवा, केस जळल्याचा वास येईल, मग कोरड्या फडक्यानं पुसा.

कातड्यासकट मिळालंच नाही तर हा पदार्थ त्या दिवशी करू नका. सुक्कं करा. सोललेल्या पायाला कुरकुरीतपणा आणायचे खटाटोप मी केलेत, वेळ फुकट जातो.

शनिवारचा पेच

पुस्तकी पद्धत सांगते की चिकनला मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवा, फ्रिजची कोरडी हवा कातडं सुकवते. पद्धत बरोबर आहे. पण रविवारी करायचं तर शनिवारी आणायला हवं, आणि शनिवार मारुतीचा. शनिवारी रात्री फ्रिजमध्ये उघड्या मांड्या, वरच्या कप्प्यात आत्तीनं लावलेलं विरजण. आमच्या घरात हे एकदाच झालं.

तेव्हापासून मी असं करतो: रविवारी सकाळी आणायचं, दिवसभर सुकवायचं, रात्री जेवायला करायचं. दुपारी साधं वरण-भात. चार तास पुरतात, सहा मिळाले तर फरक दिसतो. बुधवार किंवा शुक्रवारी करणाऱ्यांनी सकाळी कामावर जाण्याआधी मीठ लावून ठेवावं, संध्याकाळी तयार.

आता धुण्याबद्दल. आपल्याकडं चिकन धुतल्याशिवाय पातेल्यात जात नाही, हे मला माहीत आहे. पण नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. शिजताना जंतू मरतातच, धुतल्यानं जात नाहीत. मी रक्ताचे डाग ओल्या पेपर नॅपकिननं पुसतो, बस्स. तुमच्या मनाला पटत नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढा, नळ सोडू नका, आणि नंतर सिंक साबणानं धुवा. मात्र धुतलंत तर पुसायचं काम दुप्पट झालं हे समजून चाला.

पुसायचं म्हणजे टिपून घ्यायचं. पेपर नॅपकिन दाबून, कातड्याच्या वर, मांसाच्या बाजूनं, सांध्याच्या घडीत. नॅपकिन कोरडा निघेपर्यंत. लोंबणारी चरबी, पिवळ्या गोळ्या कापून घ्या, पण टाकू नका. त्या पुढं बटाट्यांच्या कामाला येतील.

एक किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. अर्धा चमचा मिरी जाडसर कुटून. यातलं जास्त मीठ मांसाच्या बाजूला, थोडं कातड्यावर. शिवाय कातड्यावर एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर मिठात मिसळून भुरभुरली तर रंग लवकर येतो, कारण कातडं किंचित अल्कधर्मी होतं. हे ऐच्छिक आहे. पण बेकिंग पावडरच हवी. खायचा सोडा टाकलात तर साबण चाटल्यासारखं लागेल.

मीठ लावून अर्ध्या तासानं बघाल तर कातडं ओलं झालेलं असेल, घाम आल्यासारखं. घाबरू नका आणि त्याच क्षणी भाजायलाही घेऊ नका. ही सगळ्यात वाईट वेळ. मिठानं आधी पाणी बाहेर ओढलेलं असतं, पुढच्या काही तासांत त्यातलं बरंचसं मांस परत शोषून घेतं आणि उरलेलं फ्रिजमध्ये उडतं. संध्याकाळी हात लावाल तेव्हा कातडं ताणलेलं, थोडं पारदर्शक, पतंगाच्या कागदासारखं लागलं पाहिजे. तसं लागलं की अर्धी लढाई जिंकली.

ठेवताना चाळणीच्या जाळीवर ठेवा, खाली ताट, आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. वर ठेवलंत आणि थेंब खालच्या काकडीवर पडला तर कुरकुरीत कातड्यापेक्षा दवाखान्याचीच आठवण राहील.

पावसाळ्यात, म्हणजे आमच्या खानापूरकडं जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीतसुद्धा पाणी सुटतं तेव्हा, पंख्याखाली सुकवण्याचा विचारही नको. फ्रिजच बरा. श्रावणात तर प्रश्नच नाही.

कंद

या भागात राहून परदेशी भाज्या शोधत फिरण्यात अर्थ नाही. पश्चिमेला उचगाव, बेकिनकेरे, बेळगुंदीकडं गेलात तर लाल माती लागते, आणि त्या मातीत जी रताळी होतात ती इथल्या बाजार समितीतून दूरदूरच्या शहरांत जातात. आपण त्याच्या उगमाशी बसलोय. पाऊस ओसरला की बाजारात लाल सालीच्या रताळ्यांचे ढीग लागतात, बटाटाही त्याच सुमाराला शेतातून निघतो.

चौघांसाठी माझं प्रमाण: तीन मध्यम बटाटे, दोन-तीन रताळी, दोन नारिंगी गाजरं, एक बीट, चार-पाच लहान कांदे अख्खे सोललेले, आणि एक लसणाचा गड्डा आडवा अर्धा कापून. याहून जास्त नको. ताटात जागा हवी. भाज्या एकमेकींवर चढल्या की वाफ कोंडते आणि भाजायच्या ऐवजी त्या उकडतात. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, हौसेनं ट्रे गच्च भरायचा.

प्रत्येक कंदाचा स्वभाव वेगळा.

बटाटा आधी अर्धवट उकडून घ्यावा लागतो. सोलून, लिंबाएवढे तुकडे करून, खारट पाण्यात उकळी आल्यावर सहा-सात मिनिटं. कडा मऊ झाल्या पाहिजेत, मधे टणक. पाणी पूर्ण निथळा, पातेल्यात परत घालून दोन मिनिटं वाफ उडू द्या, मग झाकण धरून पातेलं दोन-चारदा जोरात हलवा. कडा पिठूळ, खरबरीत होतात. त्याच खरबरीत कडा पुढं चरबीत कुरकुरीत होतात. शेतातून नुकताच निघालेला नवा बटाटा मात्र पिठूळ होत नाही, त्यात पाणी जास्त असतं. तो पापुद्र्यासकट भाजा, वेगळी मजा आहे. शीतगृहातला जुना बटाटा गोडसर असतो, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तो लवकर काळा पडतो. त्यावर नजर ठेवा.

रताळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोक ते उकडून संपवतात. चुलीच्या गरम राखेत भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा गोड का लागतं, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा. रताळ्यात स्वतःचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्चची साखर बनवत राहतं. राखेत रताळं हळूहळू तापतं, त्या टप्प्यात जास्त वेळ राहतं, म्हणून साखर जास्त होते. उकळत्या पाण्यात तो टप्पा भर्रकन निघून जातो. ओटीजीत आपण राखेइतके सावकाश नसलो तरी पाण्यापेक्षा बरे. पण हीच साखर जळतेही लवकर. म्हणून रताळं साल ठेवून, बटाट्यापेक्षा मोठ्या, दोन बोटं जाड चकत्या करून, आणि सगळ्यात शेवटी ट्रेमध्ये घालायचं.

गाजर तिरकं, अंगठ्याएवढं कापा. हिवाळ्यातलं लाल गाजर हलव्याला ठेवा, त्यात पाणी फार. बीट सगळ्यांत हट्टी, म्हणून त्याचे तुकडे सगळ्यांत लहान. त्याला तेल वेगळं लावा आणि ट्रेच्या एका कोपऱ्यात बसवा, नाहीतर सगळ्या ट्रेची रंगपंचमी होते. अळकुड्या मिळाल्या तर आधी सालीसकट उकडून, सोलून, तळव्यानं थोड्या चपट्या दाबून घाला, बटाटा विसराल. सुरणही चालतो, पण आमसुलाच्या पाण्यात उकडून घेतल्याशिवाय नको, घसा खवखवतो. नवलकोल हा खरं तर कंद नाही, खोडाचा गड्डा आहे, पण भाजल्यावर छान लागतो म्हणून मी घालतो.

तेल शेंगाचं, दोन मोठे चमचे. बेळगावचं लोणी कितीही प्रिय असलं तरी इथं नको. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचे कण लवकर करपतात. तुपाला हरकत नाही. भाज्यांना मीठ, चमचाभर जाडसर कुटलेले धणे, अर्धा चमचा ओवा. लाल तिखट, म्हणजे आमच्या भाषेत चटणी, आत्ता अजिबात नको. दोनशे अंशांवर पाऊण तासात ती काळी आणि कडू होते. तिची वेळ नंतर येईल.

ओटीजी

पंचवीस-तीस लिटरचा ओटीजी पुरतो. दीड हजार वॅटच्या वरचा असेल तर गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट वापरा, साध्या सॉकेटवर प्लग तापतो. इन्व्हर्टरवर हे चालत नाही. मी एकदा बटाटे उकडून, ट्रे मांडून तयार, आणि लाइट गेली. शेवटी ते सगळं तव्यावर केलं. तीही पद्धत खाली सांगतो.

स्वस्तातल्या ओटीजीच्या खुंटीवरचा आकडा आणि आतली उष्णता यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. एकदा तपासून घ्या. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून १८० वर पंधरा मिनिटं तापवा, दाणे तसेच राहायला हवेत. मग २०० वर पंधरा मिनिटं, वितळायला हवी. १८० वरच वितळली तर तुमचा ओटीजी जास्त तापतो, २०० वरही तशीच राहिली तर कमी. त्या हिशेबानं खुंटी फिरवा.

आता प्रत्यक्ष काम.

चिकन भाजायच्या अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. ओटीजी वरची-खालची दोन्ही कॉइल लावून २२० वर पंधरा मिनिटं तापवा, रिकामा ट्रे आतच ठेवून. तापलेल्या ट्रेमध्ये आधी कापून ठेवलेल्या चरबीच्या गोळ्या टाका, मग तेल लावलेले बटाटे, गाजर, बीट, कांदे. चर्र असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर ट्रे तापलेला नाही, परत पाच मिनिटं ठेवा.

भाज्यांच्या मधे जागा करून चिकन ठेवा, कातडं वर, एकमेकांना न चिकटता. कातड्यावर बोटानं तेलाचा हलका हात फिरवा, एवढंच. वरून भाज्या येऊ देऊ नका. ट्रे मधल्या कप्प्यात.

२२० वर वीस मिनिटं. या काळात दार उघडायचं नाही. काचेतून बघा. पंधराव्या मिनिटाला कातडं आकसायला लागतं आणि कडेनं चरबीचे बुडबुडे दिसतात, ती चरबी खाली बटाट्यांत उतरत असते. म्हणूनच भाज्या खाली.

वीस मिनिटांनी ट्रे काढा. भाज्या उलथन्यानं परता, चिकनला हात नको. रताळ्याच्या चकत्या आणि लसणाचे अर्धे आत्ता घाला. ट्रे उलटा फिरवून आत, मागची बाजू पुढं, कारण लहान ओटीजी एका अंगानं जास्त भाजतो. आच २०० वर आणा, आणखी वीस ते पंचवीस मिनिटं.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? टोचायचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांडीच्या जाड भागात खुपसा. ७४ अंश म्हणजे खायला सुरक्षित. पण मांडी ७४ ला थोडी रबरी लागते, ८० ते ८५ ला तिच्यातले चिवट तंतू विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. मी ८२ च्या आसपास काढतो. थर्मामीटर नसेल तर सांध्यापाशी सुरीचं टोक घाला, रस पाण्यासारखा स्वच्छ आला पाहिजे, आणि तंगडी हलवल्यावर सांधा सैल वाटला पाहिजे. हाडाजवळ थोडा लालसरपणा दिसला तरी लगेच कच्चं समजू नका. ब्रॉयलर कोवळं असतं, हाडातला रंग बाहेर झिरपतो. रस स्वच्छ असेल तर ठीक.

कातडं अजून फिकं असेल तर नुसती वरची कॉइल लावून तीन-चार मिनिटं. इथं फोन घेऊ नका, ओटीजीसमोरून हलू नका. तिसऱ्या मिनिटाला सोनेरी, पाचव्याला कोळसा.

चिकन ताटात काढा, भाज्या ट्रेमध्येच ठेवा. आता चटणीची वेळ. ट्रेमधल्या गरम चरबीत दीड चमचा लाल तिखट घाला. रंगाला ब्याडगी, ठसक्याला थोडी संकेश्वरी, दोन्ही आपल्या हाताशी आहेत. एकटी संकेश्वरी घालून शूरपणा दाखवू नका. भाज्या त्यात घोळवून परत पाच-सात मिनिटं आत. तोवर चिकन विसावतं, रस मांसात परत बसतो.

विसावताना झाकायचं नाही. हे मी मोठ्यानं सांगतोय. एका खेपेला माझं कातडं पहिल्यांदाच काचेसारखं कडक झालं होतं. मी भाज्या परतायला वळलो आणि आत्तीनं, गार होईल म्हणून, प्रेमानं चारही लेग हॉटपॉटमध्ये घालून झाकण फिरवलं. दहा मिनिटांनी उघडलं तेव्हा झाकणाच्या आत थेंब लोंबत होते आणि कातडं पुन्हा ओल्या फडक्यासारखं. मी काहीच बोललो नाही. तिलाही कळलं नाही की झालं काय. म्हणून आता मी ओटीजी लावायच्या आधीच हॉटपॉट वरच्या फळीवर ठेवतो.

भाज्यांवर लिंबू पिळा, कोथिंबीर घाला, वर चिकन मांडा. लिंबू चिकनच्या कातड्यावर नको, खाणाऱ्यानं आपल्या ताटात पिळून घ्यावं.

रश्श्याची मागणी

घरातलं कुणीतरी म्हणणारच, "खरं रस्सा कुठाय?" याला उत्तर तयार ठेवा. सकाळी दुकानातून मान आणि पंखांचे तुकडे पाव किलो जास्तीचे घ्या. आलं-लसूण, हळद, मीठ घालून कुकरला आळणी, म्हणजे बिनतिखटाचं पातळ सूप, काढा. जेवायच्या वेळी वाटीभर आळणी प्रत्येकापुढं, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. ट्रेच्या बुडाला चिकटलेलं खमंग असतं ते दोन पळ्या आळणीनं खरवडून सोडवा आणि त्याच वाटीत ओता. आत्ती आता त्या वाटीसाठीच थांबते, मांडी दुय्यम.

ओटीजी नसेल तर

बिडाचा जड तवा किंवा कढई घ्या. नुसत्या मांड्या असतील तर बरं, सपाट बसतात. सुकवलेली मांडी थंड तव्यावर कातडं खाली करून ठेवा, मग गॅस लावा, मध्यम-मंद. थंड तव्यापासून सुरुवात केली की चरबी सावकाश सुटते आणि कातडं आकसून वाकडं होत नाही. वर पाण्यानं भरलेलं लहान पातेलं वजन म्हणून ठेवा, मात्र त्याचं बूड तव्याएवढं नको, वाफ बाहेर पडायला जागा हवी. पंधरा ते अठरा मिनिटं न हलवता. कातडं आपोआप सुटतं, ओढावं लागलं तर अजून वेळ आहे. उलटून आणखी दहा-बारा मिनिटं, वजन न ठेवता. मग काढून घ्या आणि त्याच चरबीत आधी उकडून ठेवलेले बटाटे-रताळी परता. कंद इथं जवळजवळ पूर्ण उकडलेले हवेत.

एअर फ्रायरमध्ये दोनच लेग मावतात. १९० वर कातडं खाली करून बारा मिनिटं, उलटून बारा-पंधरा. भाज्या वेगळ्या करा, एकत्र कोंबू नका. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, कन्व्हेक्शनचं बटण असेल तरच प्रयत्न करा.

उरलं तर

ट्रे गरम असतानाच गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून ठेवून द्या, जेवण होईपर्यंत सगळं सुटतं. काथ्यानं घासलंत तर ट्रेचा थर निघेल आणि पुढच्या वेळी बटाटे चिकटतील. बिटाचे डाग ओट्यावर लागले तर लिंबाचं साल चोळा.

उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पुन्हा पाणी सुटेल. तव्यावर तेल न घालता, कातडं खाली, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा, पूर्ण गरम होऊ द्या. रताळी बहुतेक उरत नाहीत. उरली तर कुस्करून, थोडं गव्हाचं पीठ मिसळून घट्ट मळा आणि जाड पोळ्या लाटून त्याच तव्यावर भाजा. चरबी, तिखट आणि गोड, तिन्ही त्यात असतं, बरोबर नुसतं दही पुरतं. फक्त दुसरा दिवस सोमवार आहे हे ध्यानात ठेवा. आमच्याकडं सोमवारी त्या पोळ्या मी एकटाच खातो, गॅलरीत बसून.